आठवं जॅकेट

माझं काम नाकारण्याचं आहे. चाकणच्या एका कंपनीत गेली बावीस वर्षं मी तपासणी विभागात आहे. ब्रेकमध्ये बसणारे तळहाताएवढे भाग माझ्या टेबलावर येतात. मी ते मोजते, कडेवरून बोट फिरवते आणि तीनपैकी एका रंगाची टिकली चिकटवते. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे भंगार. पिवळी म्हणजे होल्ड, म्हणजे भाग चांगला की वाईट हे ठरेपर्यंत बाजूला ठेवायचा. होल्डसाठी जाळीचा एक पिंजरा आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. लाइनवरचे लोक मला बघून कुजबुजतात, ते मला ऐकू येतं आणि आवडतंही.

ही सवय गेटवर कार्ड पंच करून उतरवून ठेवता येत नाही. मोशीच्या आमच्या सोसायटीबाहेर बसणारा भाजीवाला मला लांबून बघितलं की पुढचे टोमॅटो आपणहून बदलतो. लेकीचं म्हणणं असं की तिच्या लग्नाचं स्थळ बघायला मला नेऊ नये, मी मुलाच्या पाठीला पट्टी लावून बघेन. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

तर अशा बाईला नवऱ्यासाठी जॅकेट निवडायचं होतं.

नवऱ्याला मी लोकांसमोर अहोजाहो करते, पण लिहिताना एकेरीच येतं, तेव्हा ते तसंच राहू दे. तो पिंपरीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आधी शॉपफ्लोअरवर होता. त्याचे वडीलही कामगार, माझेही. त्याला पहिल्यापासून दोनच वेड, रविवारी सकाळी डोंगर आणि उतरल्यावर मिसळ. थंडी सुरू झाली की त्याची कारखान्यातली पाच-सहा जणांची टोळी मोटारसायकली काढायची आणि मावळातला एखादा किल्ला नाहीतर एखादं लेणं गाठायची. दुपारी तो घरी यायचा तेव्हा बुटांना लाल माती, तोंडाला तर्रीचा वास आणि स्वारी इतकी खूश की भांडायचं ठरवून बसलेली मी भांडण विसरून जायची.

दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात त्याला न्यूमोनिया झाला. साधा खोकला म्हणून आठ दिवस अंगावर काढला आणि मग एकोणीस दिवस दवाखान्यात. ऑक्सिजनचा मास्क लावलेला नवरा मी बघितला, त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. घरी आल्यावर तो हळूहळू सावरला, चार महिन्यांत कामावर गेला, सहा महिन्यांत भांडायलाही लागला. सावरले नाही ती मी. त्याच्या पाठीला कान लावून श्वास ऐकायची मला सवय लागली. तो चहा पीत बसलेला असला तरी मी मागून जाऊन कान लावायची. आणि एक शब्द माझ्या तोंडात बसला: हळू. हळू चाला, हळू चढा, हळू बोला. लेक म्हणायची, बाबा श्वाससुद्धा तुझी परवानगी काढून घेतात.

डोंगर अर्थातच बंद. टोळीचे फोटो दर रविवारी मोबाइलवर यायचे, तो बघायचा आणि फोन पालथा ठेवायचा. मला ते दिसत होतं.

गेल्या नोव्हेंबरात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, छाती एकदम स्वच्छ आहे, आता याल ते सर्दी-पडशापुरतंच. नवऱ्याने विचारलं, "डॉक्टर, डोंगर चढू?" मला न विचारता विचारलं, हे मी लक्षात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "चढा की. छातीला गार वारा लागू देऊ नका आणि अंगावर ओलं ठेवू नका, बस्स."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "या थंडीत एकदा तिकोना. एकदाच."

तिकोना हा त्याचा लाडका किल्ला. मी म्हणाले, "जाऊ. मीपण येणार. पण आधी नीट जॅकेट घ्यायचं. छातीला वारा लागला नाही पाहिजे, डॉक्टर काय म्हणाले?" तो इतका खूश झाला की पार्किंगमध्ये दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावत होता.

पहिलं जॅकेट घरातच होतं. त्याच्या कंपनीने दिलेलं, निळं, पाठीवर कंपनीचं नाव. आमच्या पट्ट्यात थंडीत सकाळी कुठल्याही बसथांब्यावर उभं राहिलं तर माणसांच्या पाठी वाचून कोण कुठं जाणार ते कळतं. मी ते उजेडासमोर धरलं, पलीकडची खिडकी दिसली. नापास.

दुसरं पिंपरीच्या बाजारात थंडीपुरतं दुकान लावणाऱ्या तिबेटी बाईंकडचं. ऊबदार होतं, रंग छान होता. मी शिवण मोजली. इंचाला सहा टाके. बाई गोड हसून म्हणाल्या, "दीदी, पहनना है कि गिनना है?" नापास.

तिसरं मॉलमधलं. तिथे मी त्याची चेन पन्नास वेळा वरखाली करायला घेतली. सेल्समन सुरुवातीला हसत होता, तिसाव्या खेपेला त्याने मॅनेजरला बोलावलं. एकेचाळिसाव्या खेपेला चेन अडकली. मी मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने छताकडे बघितलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

चौथं आणि पाचवं लेकीने मोबाइलवरून मागवलं. ती हिंजवडीला काम करते, तिचं अर्धं आयुष्य कुरिअरवाल्याशी बोलण्यात जातं. चौथ्यावर मी बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, अस्तर ओलं झालं. पाचव्याला पाण्याने काही झालं नाही, पण त्याची कॉलर आखूड होती. सहावं चांगलं होतं. अगदी चांगलं होतं. मी अर्धा तास शोधून त्याच्या डाव्या खिशाचा एक दोरा सुटलेला काढला. सातव्याबद्दल माझी तक्रार अशी होती की त्याचा करकर आवाज येतो.

"आवाजाने न्यूमोनिया होतो का गं?" लेकीने विचारलं.

नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. प्रत्येक जॅकेट तो निमूटपणे घालायचा, हात वर करायचा, वळून दाखवायचा आणि मी मान हलवली की काढून घडी करून द्यायचा. सातवं काढताना तो एवढंच म्हणाला, "संक्रांत झाली." मग पुन्हा पेपरात गेला.

संक्रांत झाली म्हणजे थंडी आता उतरणार. मी स्वयंपाकघरात गेले, तिळाच्या वड्यांचा डबा उगाचच उघडून बंद केला. त्याचा आवाज चिडका असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी ही हकिगत मैत्रिणीला सांगितली. ती पॅकिंगला आहे. तिचं सासर म्हणजे चाकणचं जुनं शेतकरी घर. जमीन गेली, गाळे आले, पण तिच्या बोलण्यातलं गाव गेलेलं नाही. एरवी ती माझ्या नकारांच्या गोष्टी ऐकून पोट धरून हसते. यावेळी हसली नाही.

"सात जाकिटं?" ती म्हणाली. "समदीच वंगाळ निघाली व्हय?"

"कॉलरच आखूड होती."

"आगं बाई, मला पॅकिंगात शिकवू नको. जाकिटात खोट न्हाई. तुला त्याला धाडायचंच न्हाई."

बस मोशीच्या चौकात अडकली होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि आमचा ड्रायव्हर त्याच्या घराण्याचा उद्धार करत होता. मैत्रिणीने हात माझ्या मांडीवर ठेवला. बावीस वर्षं मी लोकांच्या चुका मायक्रोमीटरने पकडल्या, आणि माझी चूक या बाईने बसच्या सीटवर बसल्या बसल्या पकडली. मला राग आला. मग रडू आलं. मग मी खरं ते बोलले, की मला भीती वाटते, तो वर जाईल, वारा लागेल, आणि पुन्हा तो मास्क.

तिने मला रडू दिलं, पण फार नाही. "मंग आसं कर," ती म्हणाली. "माझ्या दिराचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज हाय. आत चार डिग्री. जाकीट घेऊन ये, घाल आन् बस आत. थंडी वाजली तर नापास. न्हाई वाजली तर गप गुमान पास करायचं. पुन्ना दोरे काढायचे न्हाईत."

मला हे एकदम पटलं. यात मोजता येणारं काहीतरी होतं. मी सातवंच परत मागवलं असतं, पण ते कुरिअरवाल्याने नेलं होतं, म्हणून लेकीने आठवं मागवलं. गडद हिरवं, जाड, आत पिसांसारखं मऊ भरलेलं, कॉलर कानापर्यंत. दिसायला गादी गुंडाळल्यासारखं.

शनिवारी दुपारी शिफ्ट सुटल्यावर मी मैत्रिणीबरोबर त्या कोल्ड स्टोरेजला गेले. तिचे दीर मोठे गंभीर गृहस्थ. त्यांनी काहीही न विचारता जाड दार उघडलं आणि बटाट्याच्या पोत्यांमध्ये एक पोतं मला बसायला झटकून दिलं. बहुतेक त्यांना वाटलं असावं की कंपनीकडूनच तपासणी आलीय. मी पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचं जॅकेट चढवलं, आत काखेजवळ घरचा थर्मामीटर खोचला आणि घड्याळ लावून बसले.

चाळीस मिनिटं मी बटाट्यांकडे बघत बसले. नाक गार पडलं, पाय गार पडले, छाती मात्र शेकोटीपुढे बसल्यासारखी. मधे दीरांनी दार किलकिलं करून चहा आत दिला आणि म्हणाले, "बाई, बटाटं पास हायेत ना?" मी म्हणाले, "एक नंबर." ते समाधानाने गेले.

बाहेर आले, थर्मामीटर बघितला, आणि पर्समधून हिरवी टिकली काढून जॅकेटच्या कॉलरच्या आत चिकटवली. पर्समध्ये टिकल्या कुठून आल्या असं कुणी विचारू नये. घरी येऊन मी जॅकेट नवऱ्यापुढे धरलं. त्याने टिकली बघितली. मग माझ्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता, त्याचं तोंडही उघडलं होतं, पण त्याने ते मिटलं आणि म्हणाला, "उद्या?"

"उद्या," मी म्हणाले.

रविवारी सकाळी साडेपाचला आम्ही निघालो. तो पुढे गादीत गुंडाळलेला, मी मागे स्वेटर आणि शालीत, माझं नाक त्याच्या पाठीत. देहूवरून तळेगावकडे निघालो तेव्हा इंद्रायणीवरचा गारवा असा लागत होता की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली. मी त्याच्या कानात ओरडून विचारलं, "वारा लागतोय का?" त्याने मान हलवली, नाही. सोमाटण्याला चहा घेताना मी जॅकेटच्या आत हात घालून बघितला. छाती गरम. चहावाला दुसरीकडे बघायला लागला, पण मला त्याचं काही नव्हतं. मी मनातल्या मनात चाकणच्या बटाट्यांचे आभार मानले.

पवनानगर ओलांडून तिकोनापेठेत गाडी लावली तेव्हा ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. गवत वाळून पिवळं पडलेलं, त्यावर दव, वर किल्ला काळाभोर. नवरा गाडीवरून उतरून नुसता उभा राहिला. दोन वर्षांत मी त्याचा असा चेहरा बघितला नव्हता. त्याने पाठीवर सॅक टाकली आणि चालायला लागला, आणि मी सवयीने म्हणाले, "हळू."

तो हळू चालला. मी मागून त्याच्या पाठीवर नजर ठेवून होते. पहिला चढ गेला, झाडी गेली. मला दम लागत होता, पण मी त्याचा दम मोजत होते. सपाटीवर मोठ्या मारुतीच्या मूर्तीपाशी पोहोचलो तेव्हा तो थांबला आणि वळला.

त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. कपाळावरून घाम निथळत होता. हनुवटीवरून थेंब कॉलरमध्ये पडत होता. मी पुढे झाले, चेन ओढली आणि पाठीवर हात नेला. शर्ट बादलीतून काढल्यासारखा चिंब होता. आणि तेवढ्यात समोरून वारा आला, खालच्या पवनेच्या पाण्यावरून येणारा, सुरीसारखा.

अंगावर ओलं ठेवू नका.

मी जॅकेट बटाट्यांमध्ये बसून तपासलं होतं. बसून. एक पाऊलही न चालता. चढणाऱ्या माणसाला घाम येतो ही गोष्ट लेक, मैत्रीण आणि माझी बावीस वर्षांची तपासणी, कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. एखाद्या नव्या पोरीने असा अहवाल माझ्यापुढे ठेवला असता तर मी तिला आठवडाभर ऐकवलं असतं.

"चला खाली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आत्ताच्या आत्ता खाली. झालं बघून."

तो खाली बसला. रडकुंडीला आलेल्या बायकोसमोर त्याने शांतपणे जॅकेट काढलं, शर्ट काढला, बनियन काढला. सॅकमधून टॉवेल काढून अंग कोरडं पुसलं. मग सॅकमधून कोरडं बनियन निघालं, कोरडा शर्ट निघाला, आणि शेवटी निघाला घडी घातलेला पेपर. गेल्या रविवारची पुरवणी. त्याने ती उलगडून बनियनवर छातीपुढे धरली, वरून शर्ट चढवला, बटणं लावली आणि छातीवर थोपटलं. चरचर आवाज झाला.

हे मी पूर्वी बघितलं होतं. आमचं नवं लग्न झालं तेव्हा तो सायकलने पहिल्या शिफ्टला जायचा. थंडीत सगळे सायकलवाले कामगार शर्टाच्या आत पेपर घालून निघायचे, माझे वडीलसुद्धा. कागद वारा अडवतो. गेटच्या आत गेले की काढून जेवणाच्या डब्याखाली अंथरायचे. मी हे पार विसरून गेले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"अगं, चढताना कुणी जॅकेट घालतं का? ते वर पोहोचून बसल्यावर घालायचं. वीस वर्षं डोंगर चढतोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

तो हसला. "दोन महिन्यांनी एक पास झालं होतं. मी बोललो असतो तर आठवंही गेलं असतं."

मी त्याच्याशेजारी बसले. मारुतीपुढे कुणीतरी लावलेल्या उदबत्तीचा वास येत होता. तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, न रागावता, जणू स्टोअरमधलीच काहीतरी गोष्ट सांगतोय, "दोन वर्षं झाली. मी भंगार नाही हे तुलाही माहीत आहे. पण पासही करत नाहीस. तुझ्या त्या पिंजऱ्यात होल्डवर पडलोय नुसता."

मी पुष्कळ भाग होल्डवर टाकले आहेत. ते पिंजऱ्यात धूळ खात पडतात, आणि त्यांतले निम्मे तरी चांगले असतात, हे मला माहीत आहे. फक्त सही करायची हिंमत होत नाही म्हणून ते तिथे असतात. पण ते बोलत नाहीत, हा त्यांचा फायदा आहे. मी नवऱ्याकडे बघितलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना. मी उठले, त्याचा ओला शर्ट पिळला, त्याच्या सॅकच्या पट्ट्याला वाळत बांधला आणि म्हणाले, "चला वर."

वरच्या पायऱ्या मात्र माझ्यासाठी वाईट निघाल्या. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या उंच आहेत, अरुंद आहेत आणि थेट आभाळात जातात. माझ्या गुडघ्यांनी मधेच काम बंद आंदोलन पुकारलं. शाल गळून मागच्या कठड्यावर पडली, ती उतरताना घेऊ म्हणून तिथेच सोडली. नवरा वरून उतरून आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "हळू." हे त्याने मुद्दाम म्हटलं हे मला त्याच्या मिशीवरून कळलं. मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि हात धरला. तो मला एकेक पायरी ओढत होता आणि ओढता ओढता टोळीतल्या कुणाची पँट कुठल्या पायरीवर फाटली ते सांगत होता. बोलत होता आणि चढत होता, आणि त्याला दम लागत नव्हता. मला हसायला येत होतं आणि हसायला श्वास पुरत नव्हता.

वर पोहोचलो तेव्हा ऊन आलेलं होतं. खाली पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, मागे लोहगड आणि विसापूर. नवरा सगळ्यांना नावाने हाका मारल्यासारखा एकेकाकडे बोट करत होता. मी मान डोलावत होते आणि कुडकुडत होते. माझा स्वेटर घामाने आतून ओला झाला होता आणि माथ्यावरचा वारा सरळ आरपार जात होता. आठ जॅकेटं तपासली, पण स्वतःसाठी मी काय घालणार आहे हे एकदाही बघितलं नव्हतं. माझे दात वाजायला लागले.

नवऱ्याने माझ्या दातांचा आवाज ऐकला. माझा स्वेटर काढायला लावला, सॅकमधल्या टॉवेलने माझे हात, मान, पाठ खसाखसा पुसली, पुरवणीची दोन पानं उरली होती ती माझ्या छातीपाठीला लावली आणि वरून ते हिरवं जॅकेट चढवलं. कानापर्यंत कॉलर ओढली. ते त्याच्या मापाचं, माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. तिथे चार-पाच तरुण मुलं-मुली फोटो काढत होती, ती आमच्याकडे बघून हसली. मीही हसले. गरम वाटायला लागलं, पायापर्यंत गरम वाटायला लागलं. जॅकेट खरोखर उत्तम होतं. माझी तपासणी चुकली नव्हती, फक्त अर्धी झाली होती.

आम्ही देवळाच्या आडोशाला बसून तिळाच्या वड्या खाल्ल्या. खाता खाता मी कॉलरच्या आत बोट घातलं. टिकली जागेवर होती. मी ती नखाने सावकाश सोडवली.

"हलू नका," मी नवऱ्याला म्हणाले, आणि त्याच्या पाठीला कान लावला.

आधी चरचर करणारा कागद ऐकू आला. मग त्याच्यामागे श्वास. आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कुठेही खरखर नाही, कुठेही अडकणं नाही. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले, भीतीने नव्हे, ऐकायला छान वाटत होतं म्हणून. मग समोर येऊन मी ती हिरवी टिकली त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली.

त्याने मान खाली घालून ती बघितली. बराच वेळ बघितली. मग नाक पुसलं आणि म्हणाला, "मिसळ खायची ना?"

"खायची," मी म्हणाले.

उतरताना तो पुढे होता. शर्टात पेपर चरचरत होता, सॅकवरचा ओला शर्ट हलत होता आणि तो वीस वर्षांच्या सवयीने झपाझप पायऱ्या उतरत होता, इतक्या झपाझप की मधे एकदा वळणाआड दिसेनासा झाला. माझ्या तोंडात तो शब्द आला. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि त्याच्यामागून निघाले. हळू म्हणाले नाही.